काल्यानंतरचा काटा

दत्तजयंतीचा सप्ताह आणि कापसाचा हंगाम आमच्याकडे हातात हात घालून येतात. बोदवडच्या आसपासच्या खेड्यांत त्या दिवसांत संध्याकाळी भोंग्यावर हरिपाठ लागलेला असतो आणि गावाबाहेर, दारात येऊन कापूस विकत घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्यांचे टेम्पो उभे असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सप्ताहात, काल्याच्या दिवशी, महाराजांनी काटा मारणाऱ्यांना धारेवर धरलं. शेतकऱ्याचा कापूस मापात खाणारा माणूस पायी पंढरीला गेला तरी विठ्ठल त्याच्याकडे पाहणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. मंडप टाळ्यांनी दणाणला. माझ्या शेजारी ओळखीचा एक खेडा खरेदीवाला मांडी घालून बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. हंडी फुटली, काला वाटला गेला, आणि तिसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच गावात कापूस मोजत होता. काटा आधी जेवढा मारायचा तेवढाच मारत होता. मी त्याला छेडलं. तो खजील झाला नाही, चिडला नाही, उलट त्याला माझंच नवल वाटलं. म्हणाला, "ते मले थोडीच बोलू राह्यले व्हते?"

या उत्तराला ढोंग म्हणून मोकळं होता येतं. आपल्याकडचे पुरोगामी तसंच करतात आणि गावातले टवाळही. पण मला ते पटत नाही, कारण त्याच माणसानं काही वर्षांपूर्वी एका कीर्तनानंतर गळ्यात तुळशीची माळ घातली आणि दारू सोडली. कायमची सोडली. लग्नात, मयतीत, पोळ्याला, कुणी कितीही आग्रह केला तरी तो पेल्याला हात लावत नाही. म्हणजे एकच माणूस, मंडपही तसलाच, सांगणारेही त्याच परंपरेतले महाराज. एक हाक त्यानं जन्माची धरली आणि दुसरी कानावरून जाऊ दिली. त्याची श्रद्धा दोन्ही वेळा सारखीच होती. तेव्हा श्रद्धा किती, या प्रश्नाच्या मागे लागून काही हाती लागणार नाही. पाप कोणतं, हे आधी पाहायला हवं.

दारू त्याला खात होती. घरात भांडणं, अंगावर कर्ज, बायको दोनदा माहेरी गेलेली. महाराजांनी सांगायच्या आधी त्याला स्वतःलाच ती नकोशी झाली होती. कीर्तनानं त्याला निमित्त दिलं, माळेनं साक्षीदार दिला. काटा मात्र त्याला खाऊ घालतो. पोरांची फी, टेम्पोचा हप्ता, आणि हो, सप्ताहाची वर्गणीही त्या काट्यातूनच निघते. तोट्याचं पाप सोडायला माणूस हाकेची वाट पाहत बसलेला असतो. फायद्याच्या पापाची हाक त्याला शेजाऱ्यासाठी दिलेली वाटते.

हे एका माणसाचं झालं. खानदेशानं हे हजारोंच्या संख्येनं घडताना पाहिलं आहे. 1922 साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून एक देवी निघाली. सुरुवातीला ती रोगाची देवी होती, तिची मनधरणी करून गावाबाहेर घालवायची. ती डोंगर चढली, पाड्यांत शिरली, दक्षिण गुजरातेत वणव्यासारखी पसरली आणि पश्चिम खानदेशातल्या भिल्ल वस्त्यांपर्यंत तिचं वारं आलं. वाटेत तिची वाणी बदलली. ज्याच्या अंगात येई त्याच्या तोंडून ती सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्याच्या कामावर जाऊ नका. लोकांनी ऐकलं. घरातल्या कोंबड्या-बकऱ्या विकून टाकल्या. पिढ्यान्‌पिढ्या जे सणाला, लग्नाला, मर्तिकाला लागायचं, ते आठवड्याभरात बंद केलं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं या देवीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

हा चमत्कार म्हणायचा का? त्यामागचा हिशेब पाहिला की चमत्कार कमी होतो, पण माणसांबद्दलचा आदर वाढतो. 1878 च्या अबकारी कायद्यानं घरी दारू गाळणं गुन्हा झाला. किनारी जिल्ह्यांत 1892 च्या कायद्यानं मोहाची फुलं साठवण्यावरही बंधनं आली. अंगणातल्या झाडाची दारू दुकानातून विकत घ्यायची पाळी आली. दुकानदार बहुतेक पारशी, तोच सावकार, पुष्कळ ठिकाणी जमीनही त्याच्याच नावावर. प्यायलेल्या माणसाच्या अंगठ्याखालून शेत कसं निघून जातं, हे पाड्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. देवीनं त्या माहितीला आज्ञेचं रूप दिलं. शिवाय तिनं कुणा एकट्याला बाजूला घेऊन तू पापी आहेस असं म्हटलं नाही. तिनं सगळ्या गावाला एकाच दिवशी आंघोळ घातली. एकट्यानं दारू सोडली तर भाऊबंद त्याला वाळीत टाकतात, गावानं सोडली तर पिणारा एकटा पडतो. पश्चात्ताप ही मनाच्या कोपऱ्यातली खासगी गोष्ट आहे, ही समजूत शहरातली असावी. खेड्यात ती चारचौघांत, चारचौघांच्या आधारानं होते.

आणि तिला मुदत असते, हेही सांगायला हवं. देवीचा जोर ओसरला तसे बरेच जण पुन्हा पिऊ लागले. दक्षिण गुजरातेत तर गावं दुभंगली. ज्यांनी वर्ज्य केलं ते वरजेला आणि जे जुन्या रीतीला परतले ते सरजेला, अशी दोन नावंच पडली. सरजेलांना नुसतं दुबळ्या मनाचे म्हणणं सोपं आहे. त्यांचीही बाजू होती: देवदेवतांना दारूची धार द्यायची ती बंद झाली, आता पितरांनी कुठे जायचं? पश्चात्ताप करताना माणूस पापासोबत आपल्या आजोबालाही सोडत असतो, हे उपदेशकाच्या ध्यानात क्वचितच येतं.

पुढे 1930 च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराज उभे राहिले. हेच सांगणं होतं: दारू सोडा, स्वच्छ राहा, भजन करा. त्यांनी एक भर घातली, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची. त्यांचे अनुयायी एकमेकांना 'आप' म्हणू लागले. ज्या भिल्लाला सावकारापासून फौजदारापर्यंत सगळे अरे-तुरे करत, त्याला त्याचा शेजारी 'आप' म्हणू लागला. दारूच्या बदल्यात त्याला एक सर्वनाम मिळालं. 1938 साली महाराज गेले, भाऊ रामदास महाराजांनी धुरा घेतली, आणि सरकारला या भजनी मंडळींची एवढी धास्ती वाटली की रामदास महाराजांना जिल्ह्याबाहेर काढलं गेलं. दारू सोडलेल्या माणसाला सरकारनं का घाबरावं, याचं उत्तर अबकारीच्या उत्पन्नातही आहे आणि त्या 'आप'मध्येही. सत्तरच्या दशकात शहाद्याकडे अंबरसिंग महाराजांच्या भजनांतून उभ्या राहिलेल्या चळवळीत बायकांनी पुढे होऊन दारूची मडकी फोडली. पश्चात्तापाची वाट न पाहता त्यांनी मडकंच फोडलं. तोही एक मार्ग आहे.

आता फायद्याच्या पापाकडे येऊ. त्याचं आपल्याकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे अस्पृश्यता, आणि त्याविरुद्ध सगळ्यांत कळकळीची हाक ज्यानं दिली तो माणूस सहा वर्षं आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होता. साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. दौऱ्यात कित्येक गावांनी विहिरी आणि देवळं मोकळी केली. गांधीजींना चुकीची माहिती पोचली होती, त्यांनी उपोषण सोडण्याची तार केली, तरी गुरुजी हलले नाहीत. दहा-अकरा दिवसांनी मंदिराचे पुजारी असलेली बडवे मंडळी तयार झाली आणि उपोषण सुटलं.

इथे काय घडलं? बडव्यांना पश्चात्ताप झाला, असं शाळेच्या पुस्तकात वाचायला बरं वाटतं. मला तसं वाटत नाही. गुरुजींनी ते पाप महाग केलं. महाराष्ट्राचा लाडका माणूस विठ्ठलाच्या दारात उपाशी मेला असता तर तो डाग सात पिढ्या पुसला गेला नसता. मंदिरप्रवेशाचा कायदाही दाराशी येऊन ठेपला होता. हिशेब उलटला, तेव्हा कुलूप उघडलं. आणि ज्यांची मनं उघडली नाहीत, त्यांची गोष्ट अजूनही सांगितली जाते. दलित भाविक आत यायच्या आधी काही सनातन्यांनी म्हणे मंत्र म्हणून विठ्ठलाचं तेज एका घागरीतल्या पाण्यात काढून ठेवलं. देऊळ उघडलं, पण देव आधीच हलवला! हाकेला न बधण्याचा इतका कल्पक प्रकार जगात दुसरा असेल असं वाटत नाही. माझ्या खेडा खरेदीवाल्याची युक्ती यापुढे फारच साधी म्हणायची.

तरी गुरुजींच्या हाकेत एक गोष्ट होती जी काल्याच्या कीर्तनात नव्हती. ते ज्या जातीत जन्मले त्या जातीच्या पापाबद्दल बोलत होते आणि दंड स्वतःच्या पोटाला लावत होते. पापाकडे बोट दाखवणारा त्या पापात आपलीही वाटणी धरतो, तेव्हा ऐकणाऱ्याला शेजाऱ्याकडे पाहायला जागा उरत नाही. याउलट गांधीजींची 1934 ची हाक घ्या. जानेवारीत बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला आणि अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली, आणि ती रास्त होती. भिंतीखाली मेलेल्यांत दलितही असणारच. मग शिक्षा कुणाला झाली? गांधीजींचा हेतू कितीही शुद्ध असो, संकटाकडे बोट दाखवून दिलेली हाक माणसाला घाबरवते आणि भीती ओसरली की हाकही ओसरते. करोनाच्या पहिल्या महिन्यांत आमच्या गल्लीत प्रत्येक धर्माचा माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी पापामुळे रोग आला असं सांगत होता. स्वतःच्या पापामुळे आला, असं म्हणणारा मला एकही भेटला नाही.

काही हाका न ऐकणंच शहाणपणाचं असतं, हे आमच्या भागात तरी विसरता येऊ नये. बोदवडहून मुक्ताईनगर तासाभराच्या आत येतं, आणि तिथे कोथळीला जिचं देऊळ आहे त्या मुक्ताईच्या घराची कहाणीच मुळी एका पाळलेल्या हाकेची आहे. परंपरा सांगते की तिच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी, संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेनं ते पुन्हा संसारात आले. धर्मसभेनं निवाडा दिला: याला देहान्त प्रायश्चित्त. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं ते घेतलं. नवरा-बायकोनं मुलं मागे ठेवून जीव दिला. याहून पूर्ण पश्चात्ताप कुठला? आणि मिळालं काय? मुलं वाळीतच राहिली. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या वाऱ्या कराव्या लागल्या. ज्या सभेनं प्राण मागितले तिला प्राण घेऊनही दार उघडायचं नव्हतं.

मला इथे आपला शब्दच अपुरा वाटतो. पश्चात्ताप म्हणजे मागून होणारा ताप. संतांचा अनुताप म्हणजेही तेच. भाजणं आहे, परतणं नाही. बोदवडच्या मुस्लिम मोहल्ल्यात रमजानमध्ये तौबा हा शब्द कानावर येतो, त्याचा अरबीतला मूळ अर्थ परत फिरणं. ज्यूंचा तेशुवाही परत फिरणंच सांगतो. आपण तौबा हा शब्द घेतला आणि त्याची तोबा तोबा करून टाकली, म्हणजे कान पकडले, गालात मारून घेतल्या, संपलं. परत फिरायचं तर परतायला घर लागतं, दारात कुणी उभं लागतं. जैनांच्या संवत्सरीत निदान एवढं आहे की माफी समोरच्या माणसाचं नाव घेऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून मागायची असते. आमच्याकडच्या जुन्या मारवाडी आडतदारांत ती रीत होती. आता एकच 'मिच्छामि दुक्कडम्' फुलांच्या चित्रासह पाचशे मोबाईलवर जातं, आणि पाचशे जणांना वाटतं, हे मले थोडीच!

दाराचं म्हटलं तर मुक्ताईचं नाव निघतंच. लोकांच्या निंदेनं विटून ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली, तेव्हा ती उघडा म्हणून बाहेर उभी राहिली ती धाकटी बहीण. तिच्याच आईबापांना दार मिळालं नव्हतं. पुढे चांगदेव आले. चौदाशे वर्षांचं तप, स्वारीला वाघ, हातात सापाचा चाबूक. मायना काय लिहावा, वडील म्हणावं की धाकटं, हे न कळल्यामुळे त्यांनी ज्ञानदेवांना कोरा कागद धाडला होता. या कहाणीत मला नेहमी एक गोष्ट नवलाची वाटते. चांगदेवांचा गर्व जिरला एवढ्यावर ती थांबत नाही. एवढ्या मोठ्या योग्याला त्या भावंडांनी हिणवून परत लावलं असतं तर तो वाघावर बसून निघून गेला असता आणि तापीकाठी त्याचं देऊळही झालं नसतं. त्यांनी त्याला उत्तरादाखल पासष्ट ओव्या दिल्या, म्हणजे त्याच्या कोऱ्या कागदाची किंमत केली. मुक्ताईनं त्याला शिष्य करून घेतलं. गर्व सोडल्यावर राहायला जागा मिळाली. फायद्याचं पाप सोडणाऱ्या फार थोड्या माणसांत चांगदेव आहेत, आणि ते ज्यामुळे सोडू शकले ती गोष्ट म्हणजे त्यांना वाट दाखवणारी मुलगी त्यांच्यापेक्षा लहान असूनही त्यांना लहान करत नव्हती.

त्याच मुलीच्या जिल्ह्याची गोष्ट आता सांगायला जड जाते. 2001 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 880 मुली होत्या. 2011 मध्ये 842. राज्याचा आकडा तेव्हा 894 होता. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 पासून आहे. त्या दहा वर्षांत सप्ताह बंद पडले नव्हते, वारी चुकली नव्हती. मुक्ताईची पालखी दर ज्येष्ठात कोथळीहून निघून महिन्याभराची वाट चालून पंढरपूरला पोचत होती. एका मुलीची पालखी खांद्यावर घेऊन चालणाऱ्या जिल्ह्यात हे झालं. कीर्तनांत मुलगी वाचवा म्हणून सांगितलं गेलं, मी स्वतः ऐकलं आहे, बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण हे पाप फायद्याचं, वर त्याला साक्षीदार नाही. हुंडा वाचतो, वंशाला दिवा मिळतो, आणि मोजमाप करायला शेजारी कधी येत नाही. दारू प्यायलेला माणूस गल्लीभर दिसतो. न जन्मलेली मुलगी कुणाला दिसते?

आणि समजा एखाद्याला खरंच परतायचं असेल, तर कुठे परतायचं? दारू सोडणाऱ्याला माळ आहे, माळकरी हे नाव आहे, फडात जागा आहे, दिंडीत मान आहे. खरं मोजणाऱ्याला घालायची माळ कुठली? दुसऱ्या मुलीचं बारसं वाजतगाजत करणाऱ्याला फेटा कोण बांधतं? आपण ज्या पापांना सोडायची वाट बांधली तीच पापं सुटली. बाकीच्यांसाठी आपल्याकडे फक्त ताप आहे.

म्हणून आमच्या भागातल्या सप्ताह समित्यांना एक विनंती करतो. या हंगामात मंडपाच्या दारात वजनमापे खात्याचा शिक्का असलेला एक काटा ठेवा. कापूस विकण्याआधी शेतकऱ्यानं त्यावर मोजावा, आणि ज्या व्यापाऱ्याचं माप सातही दिवस त्याच्याशी जुळेल त्याच्या हातून काल्याची आरती करावी. पहिला फेटा वर्षभरात मुलगी झालेल्या घराला बांधावा, देणगीदारांचे त्यानंतर. महाराजांचा खर्च वाढणार नाही, मंडपवाल्याचाही नाही. त्या माझ्या ओळखीच्या खेडा खरेदीवाल्यालाही निरोप द्या, आणि तो नावानं द्या. त्याला काट्यावर उभं करून जाब विचारू नका, आरतीला बोलवा. तो येईल, असं मला वाटतं.